सुनेची वाट

आमच्या सासूबाई, कस्तुराबाई, शहरात राहायला आल्या तेव्हा पहिल्याच चहाला त्यांनी सांगून टाकलं, "पाऊस झाला की मी चालले पिशोरला." दुष्काळानं मेंढरं विकायला लावली, विहिरीनं तळ दाखवला, म्हणून त्या आल्या होत्या; आमच्या प्रेमापोटी नाही. मला राग आला. टँकरचं पाणी हंड्याहंड्यानं तिसऱ्या मजल्यावर चढवायचं मी, आणि बाईंचा जीव गावात. पण आई गेल्यापासून मला 'जेवलीस का' असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. आत्याबाई, सासूबाईंना मी हीच हाक मारते, रोज विचारायच्या. त्या जाऊ नयेत असं मला मनापासून वाटायचं, फक्त तोंडानं म्हणवत नव्हतं.

आमच्या इमारतीमागं टेकडी कापून नवीन प्लॉट पाडणं चाललं होतं. सिमेंटच्या रस्त्यावर पाय दुखतात म्हणून आत्याबाई संध्याकाळी तिकडं फिरायला जात. एक दिवस त्या धापा टाकत परत आल्या आणि मला म्हणाल्या, चपला घाल. कुणी पडलं-बिडलं की काय म्हणून मी मळत असलेली कणीक टाकून निघाले.

तिथं एक सपाट काळा खडक होता आणि त्यावर वाघ-बकरीचा पट कोरलेला होता. खेळ सोपा: वाघानं उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी घेरून वाघाला कोंडायचं. रेघा झिजल्या होत्या, तरी नीट दिसत होत्या. फक्त एका कोपऱ्यातून एक तिरकी रेघ चौकटीबाहेर गेली होती आणि एका खळगीत संपली होती. ही चुकलेली दिसते, मी म्हटलं.

आत्याबाई खाली बसल्या. त्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "व्हय. मीच चुकले होते."

मग सगळं निघालं. वाईट सालात आमच्या माणसांचा कळप पिशोरहून गोदावरीकडं उतरायचा आणि या माळावर मुक्काम करायचा. लग्नानंतरच्या पहिल्या फेरीत आत्याबाईंच्या सासऱ्यांनी पट कोरता कोरता छिन्नी नव्या नवरीच्या हातात दिली, आणि तिची रेघ सुटली ती थेट बाहेर. बाकीचे मेंढके हसले. सासऱ्यांनी मात्र शेवटाला एक खळगी कोरली आणि नियमच केला: या रेघेवरून बकरीनं निसटायचं, वाघानं पाऊल ठेवायचं नाही. तिचं नाव पडलं सुनेची वाट. पुढं प्रत्येक मुक्कामी आमच्या माणसांनी ही चूक मुद्दाम कोरली.

आणखी एक रीत होती. मुक्काम हलवताना डाव अर्धा सोडायचा, सोंगट्या जागच्या जागी ठेवून. "डाव पुरा केला की त्या रानात परत येणं नाय," आत्याबाई म्हणाल्या.

खडक वाचवायला मी तिथल्या सुपरवायझरशी भांडले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहाही विचारला, आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी लावला. खडक फुटला तर आत एक पोकळी, आणि ती पांढऱ्याशुभ्र स्फटिकांनी भरलेली. मला वाटलं आत्याबाई आता रडतील. त्यांनी पदर खोचला आणि स्फटिक वेचायला लागल्या.

"बघ शीला, बकऱ्या पोटातच होत्या याच्या."

वाघ त्याच खडकाच्या काळ्या चिपांचे केले. उरलेल्या ऑइलपेंटनं मी गॅलरीच्या शहाबादी फरशीवर पट काढला. रामहरींनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पट्टी धरली. सुनेची वाट मात्र मी हातानंच ओढली, वाकडी.

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही दोघी खेळायला बसायचो. बकऱ्या माझ्या, आणि आत्याबाईंचे वाघ सुनेला दयामाया दाखवणारे नव्हते. पण हरण्याचं मला काही वाटायचं नाही. वाटायचं ते एवढंच, की त्या एकही डाव अर्धा सोडत नसत. शेवटपर्यंत खेळायच्या आणि सोंगट्या चंचीत भरून ठेवायच्या. एकदा मी मुद्दाम जांभया दिल्या, झोप आली म्हटलं.

"बस खाली. पुरा कर," त्या म्हणाल्या. मी पुरा केला आणि न जेवता झोपले.

पुढच्या साली पिशोरच्या विहिरीला पाणी आलं. पुंजाराम, आत्याबाईंचे दीर, त्यांना न्यायला आले. निघायच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाईंनी मला खेळायला हाक मारली, तर मी दशम्या करायच्यात म्हणून गेलेच नाही. तो शेवटचा डाव पुरा करायची माझ्यात ताकद नव्हती. सकाळी लोणच्याच्या बरणीवरून उगाच त्यांच्याशी वाद घातला, नाहीतर रडलेच असते. जाताना त्यांनी विचारलं, "जेवशील ना येळेवर?" मी मान हलवली.

रिक्षा वळली तशी मी झाडू घेऊन गॅलरीत गेले.

पट मांडलेला होता. दोन्ही बाजूंनी त्या एकट्याच खेळल्या होत्या. निम्म्या बकऱ्या खाल्लेल्या, कोपऱ्यातल्या एकीवर वाघ टपलेला, आणि तिच्यापुढं सुनेची वाट मोकळी. चंची रिकामी करून बाजूलाच घडी घालून ठेवली होती.

मी तिथंच बसले आणि पोटभर रडून घेतलं. रामहरी आंघोळ करून आले, म्हणाले, वाळत घालायचेत कपडे, सोंगट्या उचलू का?

"हात लावाल तर बघा," मी म्हटलं. "चाल आत्याबाईंची हाय."