तक्रारी वाचून निवडलेला समुद्र

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला माणसानं केक कापावा, चार माणसांना जेवू घालावं आणि गप्प बसावं. बळवंत चुरीनं माइक हातात घेतला. समोर अख्खी भावकी बसली होती, आणि पहिल्याच रांगेत साडू कमलेश होता. हा कमलेश नुकताच बायकोला घेऊन मालदीवला जाऊन आला होता आणि भेटेल त्याला मोबाइलमधले फोटो दाखवत सुटला होता. ते फोटो महिनाभर बळवंताच्या घशात काट्यासारखे अडकले होते.

"शालूला मी परदेशात नेणार, समुद्रकिनारी, फाइव्ह स्टार रिसॉर्टला," तो माइकमधून म्हणाला. "आठ दिवस. ती तिथं काडीचं काम करणार नाय. चहासुद्धा दुसऱ्यानं आणून द्यायचा."

टाळ्या पडल्या. शालूनं टाळी वाजवली नाही. तिनं ते वाक्य नीट ऐकून घेतलं आणि मनाशी खूणगाठ बांधली.

आता यात गंमत अशी, की चुरींचं स्वतःचंच रिसॉर्ट आहे. पालघरहून केळव्याला जाताना माहीम लागतं. तिथल्या वडिलोपार्जित नारळ-सुपारीच्या वाडीत बळवंतानं अकरा खोल्या बांधल्या, कठड्यांना निळा रंग दिला आणि गेटावर 'सागरछाया बीच रिसॉर्ट' अशी पाटी ठोकली. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी गाड्या भरभरून येतात. येतात ती शालूच्या हातचं खायला. कोलंबीचं कालवण, तळलेले बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या, थंडीत कंद-भाज्यांची उकडहंडी. मदतीला दोन बाया आहेत, पण त्या चिरायला आणि घासायला, शेगडी शालूची. गेली सोळा वर्षं पहाटे साडेपाचचा पहिला चहा ती देते आणि शेवटचं ताट उचलल्यावरच पाठ टेकते. मग बळवंत काय करतो? बळवंत मॅनेजमेंट करतो. म्हणजे पांढरा शर्ट घालून गेटाशी खुर्ची टाकून बसतो आणि निघालेल्या पाहुण्यांना विचारतो, "जेवण कसं काय वाटलं?"

शालूला मालदीव आणि मॉरिशस यांतला फरक माहीत नव्हता, आणि तो कळलाच पाहिजे असंही तिला वाटत नव्हतं. आठ दिवस दुसऱ्यानं वाढावं आणि आपण बसून जेवावं, एवढंच तिला हवं होतं. तसं तिनं सांगितलंही. पण रिसॉर्ट निवडायचं काम बळवंतानं स्वतःकडे घेतलं, कारण या विषयातला जाणकार अख्ख्या पालघर तालुक्यात आपणच, अशी त्याची खात्री होती. तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

त्यांची मुलगी मेघाली बोईसरला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. एका रविवारी दुपारी पाहुणे गेल्यावर तिनं लॅपटॉपवर तीन रिसॉर्टं काढून दिली: एक मालदीवचं, एक बालीचं, एक मॉरिशसचं. बळवंत चष्मा पुसून पुढे सरसावला. बालीचा पहिलाच फोटो निळ्याशार स्विमिंग पूलचा होता.

"हा फोटो जमिनीवर पालथं पडून काढलाय," बळवंत म्हणाला.

"कशावरून, बाबा?"

"आपल्या हौदाचा आपण तसाच काढलाय."

ते खरंच होतं. सागरछायाचा पूल म्हणजे कमरेएवढ्या पाण्याचा हौद, पण बोईसरच्या फोटोग्राफरनं पोटावर झोपून टिपला तर तलाव दिसतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. 'सी व्ह्यू' वाचलं की बळवंताला आपली सात नंबरची खोली आठवे. तिच्यातून समुद्र दिसतो, नाही असं नाही, फक्त गॅलरीतल्या कठड्यावर चढून सुरूच्या झाडांवरून मान लांब करावी लागते. 'किनारा तीन मिनिटांवर' वाचलं की तो विचारी, "चालत का पळत?" पाहुण्यांच्या कौतुकाकडे तर तो ढुंकून बघेना. सागरछायाबद्दलचं पहिल्या चाळीस जणांचं कौतुक त्यानं स्वतःच लिहिलं होतं, शालूच्या माहेरच्या माणसांच्या नावानं. त्यातले दोघे तेव्हा हयातही नव्हते.

मालदीवचं पान उघडलं आणि बळवंत खुर्चीतून उठलाच. पांढरी वाळू, दोन झुकलेले माड आणि त्यांच्यामधून दिसणारा मावळता सूर्य.

"हा आपला फोटो हाय. आपल्या पाटीवरचा. चोरांनी उचलला."

"बाबा, आपण तो त्यांच्याकडून उचलला होता," मेघाली म्हणाली. "मीच डाउनलोड करून दिला होता तुमाला."

पण हार मानणं बळवंताच्या रक्तात नव्हतं. "ज्यांना सोताचा फोटो संबाळता येत नाय, ते आपलं सामान काय संबाळणार?" असं म्हणून त्यानं मालदीव बाद केलं. कमलेशच्या पावलावर पाऊल टाकायचं नव्हतंच, त्यामुळे ते बरंच झालं.

उरलेल्या दोन्हींसाठी त्यानं एक कसोटी काढली. "स्तुती माणूस सांगितल्यावर करतो," तो म्हणाला. "शिव्या मात्र मनापासून देतो. खरं वाचायचं तर फक्त एक स्टारवाल्यांचं वाचायचं." मग रोज संध्याकाळी तो जगभरच्या चिडलेल्या माणसांची गाऱ्हाणी मेघालीकडून मराठीत करून घेऊ लागला. कुणाच्या उशीत मुंगी निघाली होती, कुणाला मासा थंड मिळाला होता, कुणाला शेजारच्या खोलीतली म्हातारी खोकत होती म्हणून झोप आली नव्हती. बळवंत प्रत्येक गाऱ्हाण्यावर मान डोलवी, ते रिसॉर्ट बाद करी आणि नवं काढायला लावी. असं करता करता गणपती गेले, नवरात्र गेलं. पासपोर्ट येऊन कपाटात पडले. शालू अधूनमधून हात पुसत दारात येई, "ठरलं का?" विचारी आणि उत्तर ऐकायच्या आत कुकरच्या शिट्टीला धावे.

शेवटी तो बोईसरला धीरजकडे गेला. स्टेशनाजवळ धीरजचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. कारखान्यांतली आणि वीजकेंद्रातली माणसं त्याच्याकडे येतात, एका फोटोवर बोट ठेवतात आणि चहा संपायच्या आत ठरवून जातात. बळवंत तिथं चार वेळा गेला आणि चारही वेळा त्यानं धीरजला हॉटेलचा धंदा शिकवला.

"चुरीशेठ," पाचव्या खेपेला धीरज हात जोडून म्हणाला, "नऊ रिसॉर्टं दाखवली. आता दहावं माझ्याकडे नाही. एक व्हिला आहे मॉरिशसला, अगदी किनाऱ्यावर. पण तिथं स्टाफ नाही. किचन आहे, आपलं आपण करून खायचं."

बळवंताचे डोळे चमकले. स्टाफ नाही, म्हणजे फसवायलाही कुणी नाही. त्यानं किचनचे सगळे फोटो बघितले आणि पहिल्यांदाच एकही खोट काढली नाही.

घरी आला तो वरातीतल्या नवरदेवासारखा. शालू मागच्या पडवीत सुकवलेल्या कोलंबीच्या सोड्यांतला कचरा निवडत बसली होती, मेघाली शेजारी होती.

"ठरवून टाकलं," बळवंत म्हणाला. "समुद्र दारात. आणि किचन बगशील तर खूश होशील. चार बर्नरची शेगडी हाय, वर चिमणी. तिकडचं जेवण आपल्याला कुटं पचणार? थोडं तांदळाचं पीठ न्यायचं, मसाला न्यायचा. तुझ्या हातचं कालवण आणि समोर समुद्र. अजून काय पायजे माणसाला?"

मेघाली काही बोलणार होती. शालूनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त शरम वाटत होती, की हा माणूस आपलं ऐकतो असं आपण पंचवीस वर्षं धरून चाललो.

"तुमी म्हणता ना, खरं फक्त एक स्टारवाले बोलतात?" तिनं विचारलं.

"शंभर टक्के."

"मेघाली, आपल्या सागरछायाचे एक स्टारवाले काढ."

"ते कशाला आता?" बळवंत म्हणाला. पण मोबाइल मेघालीच्या हातात होता आणि एक स्टारवाले होतेच मुळी तिघं. एकाला डास चावले होते, एकाला पूल सापडला नव्हता. तिसरं गाऱ्हाणं मागच्या मे महिन्यातलं होतं. मेघाली ते मोठ्यानं वाचू लागली.

"'जेवण अप्रतिम. खोल्या ठीक. पण ज्या काकू पहाटे चहा देतात, त्याच रात्री अकराला भाकऱ्या थापत असतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. भाजलं होतं. त्याच हातानं वाढत होत्या. त्यांना विचारलं, समुद्रावर शेवटचं कधी गेला होतात, तर म्हणाल्या, आठवत नाही. समुद्र इथून तीन मिनिटांवर आहे. आम्हाला घास गोड लागला नाही.'"

शालूनं नकळत उजव्या मनगटावरून हात फिरवला. "कोण गं ती? चष्मेवाली का? दोन लहान मुली होत्या तिच्या." मग तिनं विचारलं, "खाली काय लिवलंय?"

"खाली बाबांचं उत्तर आहे," मेघाली म्हणाली आणि थांबली.

"वाच."

"'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. संबंधित कर्मचाऱ्याला कडक शब्दांत समज देण्यात आली आहे. पुन्हा अवश्य या. व्यवस्थापन, सागरछाया.'"

बळवंतानं शर्टाची बाही सारखी केली.

"कोण तो कर्मचारी?" शालूनं विचारलं.

"अगं, तसं लिवायची पद्धत असते. सगळीच हॉटेलं लिवतात."

"कर्मचाऱ्याला सुट्टी असते ना वो? आठवड्याची तरी?"

नऊ रिसॉर्टांची बिंगं फोडणारा हा माणूस स्वतःच्याच पडवीत तोंडघशी पडला होता. त्याला तिथून उठून गेटाशी जाऊन बसावंसं वाटलं. त्या मे महिन्यात तिचा हात भाजला होता हे त्याला माहीत होतं. त्यानंच बर्नॉल आणून दिलं होतं, आणि मग पाच नंबरच्या खोलीला जेवणाला उशीर होतोय म्हणून आवाज दिला होता.

शालू सोडे सुपात तसेच ठेवून उठली आणि मेघालीच्या जवळ बसली. "ते मालदीवचं काढ. फोटोवालं. त्याचे एक स्टारवाले वाच."

मेघालीनं शोधून काढलं. कुण्या परदेशी बाईनं लिहिलं होतं. "'इथे करण्यासारखं काहीच नाही. उठा, खा, समुद्राकडे बघत बसा. आपली थाळीसुद्धा उचलू देत नाहीत. चौथ्या दिवशी मी आणि माझा नवरा कंटाळून भांडलो. आठ दिवस फुकट गेले. एक स्टार.'"

"हेच," शालू म्हणाली.

"अगं, पण ती बाई कंटाळली," बळवंत म्हणाला.

"कंटाळू दे तिला. मला एकदा कंटाळून बगायचंय. नाताळच्या आठवड्याचं काढ गं."

"नाताळात? अकराच्या अकरा खोल्या भरलेल्या हायत. इथं कोण बगणार?"

"व्यवस्थापन बगंल," शालू म्हणाली आणि पुन्हा सोडे निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी मेघालीनं धीरजकडे जाऊन तिघांचं बुकिंग सांगितलं. आठवड्याभरानं त्यातलं एक नाव बळवंतानं स्वतःच कमी करवलं. 'मी मागाहून येतो' असं तो म्हणाला. कुणी वाद घातला नाही.

नाताळचा आठवडा उजाडला. सातपाटीहून आणलेला आचारी बळवंताच्या मॅनेजमेंटला कंटाळून दुसऱ्याच दिवशी निघून गेला. दोघी बाया म्हणाल्या, आमी चिरून देऊ, घासून देऊ, फोडणी तुमची. मग पांढरा शर्ट खुंटीला गेला. बळवंतानं बोंबील तळले, ते कढईतच विरघळले. भाकरी थापली, ती भारताच्या नकाशासारखी झाली. जो तो पाहुणा एकच विचारी, "काकू कुठायत?" आधी त्यानं "बाहेरगावी" सांगून पाहिलं, पण पाहुणे खोदून खोदून विचारू लागले तेव्हा तो म्हणाला, "सुट्टीवर." ते म्हणताना त्याची जीभ अडखळली, कारण घरातल्या माणसाबद्दल हा शब्द त्यानं कधी वापरलाच नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, उकडहंडीच्या मसाल्याचा डबा सापडेना म्हणून, त्यानं फोन लावला. मेघालीनं घेतला.

"आई कुटं हाय?"

"समुद्रावर."

"काय करते?"

"काही नाही. बसलीय."

"कवापासनं?"

"सकाळचं खाऊन झालं तेव्हापासून. एक माणूस चहा आणून देतो, तो पिते आणि परत बघत बसते."

बळवंताला मसाल्याचं विचारायचं होतं, ते राहूनच गेलं. पण एवढ्या दिवसांची सवय एकदम कशी जाणार? "तिला विचार," तो म्हणाला, "रिसॉर्टात खोट कायतरी असेलच. तक्रार बिक्रार काय हाय का?"

पलीकडे मेघालीनं हाक मारून विचारलेलं त्याला ऐकू आलं. मग थोडा वेळ नुसता वारा आणि पाण्याचा आवाज.

"आहे म्हणते एक," मेघाली म्हणाली.

"मी सांगत होतो ना? काय ती?"

"आठच दिवस आहेत म्हणते."

सहा नंबरच्या खोलीतून कुणीतरी चहासाठी हाक मारली. बळवंतानं फोन ठेवला आणि आधण चढवलं.