उभ्या सरूबाईची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. सागवानी लाकडाची, वेताच्या बैठकीची, रुंद हातांची. हल्ली मी जिन्याखाली असते. माझ्या मांडीवर एक बंद पडलेला पंखा ठेवला आहे आणि तो काही बोलत नाही. म्हणून तुम्हाला धरलं आहे. थोडा वेळ ऐका.

औरंगाबादच्या छावणी बाजारात चांदपाशा सुताराच्या दुकानात माझा जन्म झाला. निजामाच्या वेळच्या एका अधिकाऱ्यानं मला बनवायला सांगितलं होतं. तेवढ्यात पोलीस अ‍ॅक्शन झाली, अधिकारी कुटुंबासह निघून गेला आणि मी दुकानातच पडून राहिले. पुढे काकासाहेब आले. गावाकडे त्यांची शेतीवाडी होती आणि छावणीच्या अलीकडे राहतं घर. ते माझे हात हलवून बघू लागले, तसा चांदपाशा म्हणाला, "बैठके देखो काकासाब! हिली तो मेरा नाम बदल देना." काकासाहेब बसले. मी हलले नाही. आपण कोणीतरी मोठं आहोत असं मला त्या दिवशी वाटलं. खोटं कशाला बोलू, अजूनही अधूनमधून वाटतं.

ओसरीत, दारासमोर माझी जागा ठरली. काकासाहेब बाहेरून आले की उंबऱ्याशी थांबून एकदा खाकरायचे. घसा दुखत नसायचा. घरातल्या बायकांना तो इशारा असायचा, की उभ्या राहा, पदर सावरा, वाट द्या. मग ते येऊन माझ्यावर बसत. बाकी कोणी माझ्यावर बसत नसे. त्यांचा मुलगा फकिरासुद्धा नाही. तो वडिलांसमोर खांबाला टेकून उभा राही.

याच घरात पैठणकडच्या एका खेड्यातून सरूबाई सून म्हणून आली. अंगानं लहानखुरी आणि वयानंही पोरच. एका दुपारी ओसरी झाडताना तिनं इकडंतिकडं पाहिलं, घरात कोणी नाही असं बघितलं आणि टुणकन माझ्यावर बसली. तिचे पाय जमिनीला पुरत नव्हते. ते हलवत ती आपल्याशीच हसली. मित्रांनो, माझ्यावर बसून हसलेलं ते पहिलं माणूस. काकासाहेब बसत, पण हसत नसत.

तेवढ्यात दारात खाकरणं ऐकू आलं. सरूबाई अशी उठली की केरसुणी एकीकडे आणि ती दुसरीकडे. काकासाहेब येऊन माझ्यावर बसले. संध्याकाळी सासूबाई, मनकर्णाबाई, तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "सरू, मलाबी असंच सांगितलं व्हतं माझ्या सासूनं. गडीमाणूस खाकरला की बाईनं उभं ऱ्हायचं. का म्हून इचारायचं नाय."

"आन् घरात कुणीच नसल तवा बसलं तर?"

"तवाबी नाय. सवय मोडती."

त्या रागानं बोलल्या नाहीत. तिच्या केसांना तेल लावता लावता बोलल्या. कदाचित म्हणूनच ते इतकं खोल मुरलं.

त्यानंतर सरूबाई रोज माझी धूळ पुसायची. हातांच्या कडा, पाठ, वेताच्या भोकांतला कचरा, सगळं मन लावून. तिच्या तळहाताची ऊब मला पाठ झाली होती, पण वजन मात्र पुन्हा मिळालं नाही. पाहुणे मला वाखाणत, "काय झकास ठेवलीय खुर्ची!" काकासाहेब मिशीत हसत. ठेवणारी दाराआड उभी असे.

काकासाहेब गेले. तेराव्याला भावकीनं फकिराच्या डोक्याला पागोटं बांधलं आणि त्याला माझ्यावर बसवलं. बिचारा आधी इतका अवघडला होता की त्यानं पाठ टेकलीच नाही. पण महिना उलटला नसेल, तोच फकिरा उंबऱ्याशी थांबला आणि हुबेहूब बापासारखा खाकरला. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आत सरूबाई भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातानं उभी राहिली.

त्यांना दोन मुलं, सांडू आणि आवडा. सांडूला रांगता रांगता उचलून माझ्यावर ठेवत आणि म्हणत, "बसा मालक!" आवडा आपल्या पायांनी चढायची. तिला खाली उतरवायला सरूबाईच धावून यायची.

"उतर बरं खाली. पोरीच्या जातीला बरं दिसत नाय."

"दादा तर बसतो की!"

"दादाचं येगळं हाय."

"काय येगळं?"

 सरूबाईनं पोरीच्या पाठीत हलकासा धपाटा घातला आणि नंतर बराच वेळ माझी पाठ पुसत राहिली. ती मुळीच मळलेली नव्हती. तेव्हा मला तिचा राग आला होता. ज्या पोरीनं एकदा माझ्यावर पाय हलवले, तीच आता दुसरीला उतरवते आहे, हे मला सहन होईना.

वर्षं गेली. आवडा शिकली आणि फर्दापूरच्या शाळेत मास्तरीण झाली. फकिराही गेला. आता भावकी नव्हती, सासू नव्हती, खाकरणारं कोणी नव्हतं. सांडू गरीब स्वभावाचा, नोकरी बरी आणि घर बरं. "आये, बस की खुर्चीवर," असं तो म्हणे. "बसते की," असं म्हणून सरूबाई जमिनीवर बसे. मी समोर मोकळी. घरात माणसं असून मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

पुढे तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं बंद केलं. आवडा सुट्टीला आली, तिनं माझा वेत नवा विणून आणला आणि आईला दंडाला धरून माझ्यावर बसवलं. सरूबाई काठावर टेकली. दुसऱ्या दिवशी जरा मागं सरकली. मग एका दुपारी सगळे बाहेर गेल्यावर ती आपण होऊन आली आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसली. तिचा श्वास सैल झाला. ती पेंगली. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं. मित्रांनो, ज्यासाठी चांदपाशानं मला घडवलं, ते त्या दुपारी झालं.

सांडू त्या दिवशी कचेरीतून लवकर आला. दारात त्यानं चप्पल काढली आणि तो खाकरला.

त्याला सर्दी नव्हती. त्याच्या मनातही काही नव्हतं. घरात शिरताना बाप असं करायचा, त्याचा बाप असं करायचा, एवढंच त्याच्या घशाला ठाऊक होतं. सरूबाई झोपेतच ताडकन उठली. गुडघ्यांनी साथ दिली नाही. ती फरशीवर पडली आणि कंबरेचं हाड मोडलं.

आवडा धावत आली. खाटेशी बसून रडत म्हणाली, "अगं आये, दादाच व्हता! कशाला उठलीस?"

"मी कुठं उठले गं?" सरूबाई म्हणाली. "पाय उठले."

हे ऐकलं आणि तिच्यावरचा माझा जुना राग गेला. सांडूला मात्र कोणावर तरी राग काढायचा होता. "ह्या खुर्चीनंच घात केला," असं म्हणून त्यानं मला जिन्याखाली नेऊन टाकलं. मी काय बोलणार? तो आईवर जीव टाकणारा होता. आपण काय केलं, हे त्याला आजही माहीत नाही. सरूबाई त्या खाटेवरून पुन्हा उठली नाही.

ती गेली त्या दिवशी मला बाहेर काढलं. पुसलं, पांढरी चादर घातली, दारासमोर ठेवलं आणि माझ्यावर तिचा हार घातलेला फोटो टेकवला. भावकी आली. मोठी मोठी माणसं वाकून नमस्कार करत होती. तेरा दिवस ती माझ्यावर होती आणि तिला कोणी उतर म्हटलं नाही. पण फोटोला वजन नसतं, मित्रांनो. मी एवढी भक्कम खुर्ची, आणि मला काही पेलायलाच नव्हतं. चौदाव्या दिवशी फोटो भिंतीवर गेला आणि मी पुन्हा इथं आले.

माझी एकच विनवणी आहे. मला पॉलिश करू नका, नवा वेतही नको. तुमच्या घरात कोणी कायम उभं असेल, तर तिला बस म्हणा. ती बसणार नाही, पुन्हा म्हणा. ती बसली की थोडा वेळ तिच्याजवळच थांबा, म्हणजे तिच्या पायांनाही हळूहळू कळेल. हार घालून बसवायला सगळेच पुढे येतात. तुम्ही ती जिवंत असताना बसवा.