मुक्काम पोस्ट चुकीचं खातं

मी फोल्डर बोलतोय. कपाटातला नव्हे, ऑफिसच्या सामाईक ईमेलमधला. नाव ‘तक्रारी’. चंडीगढच्या इंडस्ट्रियल एरियात व्हीलचेअर बनवणारी एक छोटी फॅक्टरी आहे, तिथला माझा जन्म. माझ्या पोटात इतकी गाऱ्हाणी साठली की तेवढी देवाच्या दारातही गेली नसतील. एका गिऱ्हाइकाने तर अशा शिव्या लिहिल्या होत्या, की व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर त्या मेलपाशी कानांवर हात ठेवून उभं राहिलं. खोटं वाटतंय? वाटू द्या. पुढचं मात्र खरं आहे, आणि त्यात हसण्यासारखं फार नाही.

आमचे मालक भाटियाजी. दिलदार माणूस. नवा माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी त्याला दोन गोष्टी मिळत: बुंदीचा लाडू आणि माझ्यावर पूर्ण हक्क. वाचायचा, हलवायचा, पुसायचा. एखाद्याला कमी हक्क देणं म्हणजे पंगतीत त्याच्या ताटात कमी वाढणं, असं त्यांचं मत.

मला सांभाळायची सुमेधा. नवरा शंतनू हवाई दलात, त्यामुळे दर बदलीला हिची नोकरी सुटायची. इथे काम बघून कायम करू, अशा बोलीवर तिला घेतलं होतं. एकदा फोनवर ती त्याला म्हणाली, “अरे, पुढच्या महिन्यात पक्की होणार मी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुठेतरी टिकतेय. तुझी मिसेस म्हणून नाही, मी म्हणून.” लॅपटॉपचा माइक उघडाच होता. मी सगळं ऐकलं आणि फुगलो.

एके दिवशी हिशेब बघणाऱ्या कांचनच्या बाहीचा माउसला धक्का लागला आणि मी शेजारच्या ‘सुट्ट्या’ फोल्डरात जाऊन पडलो. सुमेधाने मला शोधून जागेवर आणलं आणि तडक भाटियाजींची केबिन गाठली.

“सर, पढ़ने का हक सबको रहने दीजिए. हटाने-सरकाने का सिर्फ एक को. गलती से भी कुछ नहीं जाएगा.”

भाटियाजींचा चेहरा पडला. “सुमेधा जी, ये दफ्तर थोड़ी है, घर है. घर में कोई ताले लगाता है? कल को मुझे भी आपसे पूछना पड़ेगा?”

“आपको भी, सर,” ती म्हणाली. खरं बोलली, आणि तिथेच चुकली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पंचकुलाच्या एका रुग्णालयाचा मेल आला: व्हीलचेअरचे ब्रेक सैल आहेत. सुमेधाने त्याच दिवशी भाटियाजींना लिहिलं, आजच कारागीर पाठवा. त्यांचं उत्तर आलं, “अगले हफ्ते देखेंगे.” दोघांनी लिहिलं ते सामाईक खात्यातूनच; तिने दोन्ही मेल तिथून हलवून माझ्या पोटात नीट ठेवले.

दुसऱ्या दिवशी भाटियाजींच्या कान आणि खांद्यामध्ये फोन, एका हातात खारी मठरी, दुसऱ्या हाताचा अंगठा लॅपटॉपवर. बोलता बोलता अंगठा घसरला, आणि मी सामाईक खात्यातून ओढला जाऊन थेट त्यांच्या खासगी खात्यात येऊन पडलो. मुलाच्या कॅनडाच्या व्हिसाशेजारी. मी ओरडलो हो! पण फोल्डरचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

त्याच आठवड्यात रुग्णालयाच्या उतारावर एक खुर्ची सुटली. बसलेल्या आजींचं मनगट मोडलं. रुग्णालयाने विचारलं, आम्ही कळवलं होतं, तुम्ही काय केलंत?

सगळे मला शोधू लागले. संगणक बघणारा हरप्रीत म्हणाला, “मैडम, डिलीट वाले में भी नहीं है.” मग घाबरत घाबरत मालकांना, त्यांचंही खातं बघू का म्हणून, “सर, इक वारी तुहाडे अकाउंट विच देख लवां?”

“ओए, मेरे में कंप्लेंट क्या करेगी?”

मालकाच्या खात्यात डोकावणार कोण? माझ्यात रोज वावरायची ती सुमेधा, तेव्हा पुसलं असेल तर तिनेच, असं ठरलं आणि तिला कामावरून काढलं. आपल्याला कुणी कळवलंच नाही, असं भाटियाजींना मनापासून वाटत होतं. दिलदार माणसं आपलं बोलणंही सढळ हाताने विसरतात.

सुमेधाने टेबल आवरलं. शंतनूला फोनवर एवढंच म्हणाली, “नाही रे, रडत नाहीये. गाडी घेऊन ये फक्त.” पुढे दुसऱ्या एका ऑफिसाने तिला मुलाखतीला बोलावलं होतं; इथल्या मालकांकडे तिची चौकशी केल्यावर त्यांनीही नकार कळवला.

आज दुपारी व्हिसाचा कागद शोधताना भाटियाजींना मी दिसलो. उघडून त्यांनी सुमेधाचा मेल वाचला. खाली स्वतःचं उत्तर वाचलं. उठून केबिनचं दार लावलं. फोनवर सुमेधाचा नंबर काढला, बराच वेळ बघितला आणि फोन पालथा ठेवला.

मग माझ्यावर टिचकी मारली. मला ओढून आणलं तेव्हा या संगणकाने एका शब्दाने विचारलं नव्हतं. आता मोठा सावध झालाय. पडद्यावर चौकट आलीय: कायमचं पुसायचं? होय, नाही.

भाटियाजी, माझं राहू द्या. माझ्यासारखे फोल्डर कुणीही नवे बनवेल. पण तिचं खरेपण दुसरीकडे कुठेच ठेवलेलं नाही.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवलाय. अंगठा अजून ‘होय’वरच आहे.