पिलाजीरावांची साथ

"काका, पुन्हा तुम्हीच पूर्ण केलंत!" शलाकाने हात वर करून थांबवलं.

तापलेल्या तव्याला लागावीत तशी भास्कररावांनी पेटीवरची बोटं उचलली. समोर खुर्चीत पिलाजीरावांचं तोंड अर्धवट उघडंच राहिलं होतं. अर्धांगवायूचा झटका येऊन चार महिने झाले होते. वाचा गेली होती, सूर मात्र गुणगुणता यायचा. त्या सुराला धरून शब्द परत आणायला शलाका, संगीतोपचार करणारी मुलगी, सुभानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी यायची. "मला चहा हवा" एवढंच वाक्य तिने भैरवीत बसवलं होतं. "मला चहा" ती गायची, भास्करराव साथीला. "हवा" पिलाजीरावांनी म्हणायचं.

आणि दर वेळी नेमकी तिथेच पेटी पुढे धावायची.

मकरपुऱ्यातल्या कारखान्यात आठवडाभर लेथवर उभं राहायचं आणि गुरुवारी भजनी मंडळात पेटी धरायची, असं भास्कररावांचं चाळीस वर्षं चाललं. पिलाजीराव बुवा. त्यांचा दम तुटला, शब्द विसरला, की ती जागा पेटीने भरून काढायची. ऐकणाऱ्यांना कधी पत्ता लागू दिला नाही. आयुष्यात एवढं एकच आपल्याला नीट जमलं, असं भास्कररावांना वाटायचं. आता तेच नडत होतं.

"पेटीने सूर दिला की त्यांना गायची गरजच उरत नाही," शलाका तिच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली. "तुम्हाला थांबायला वांधा असेल तर उद्यापासून मी रेकॉर्ड केलेलं लावते ने. राग मानू नका."

"भावजी," पिलाजीरावांच्या पत्नी राजेश्वरीवहिनी म्हणाल्या, "हे बोलायचे तेव्हा तुमच्या तोंडून शब्द निघत नव्हता. आता बघा, थांबायचं नाव नाही!"

भास्करराव कसनुसे हसले. खिशातून रुमाल काढला, न वापरताच परत ठेवला. उठून जावं का?

"एकदा बघतो," ते पुटपुटले. "लास्ट."

"मला चहा..."

भास्कररावांनी भाता दाबून मिटला आणि उजवा हात मांडीखाली घातला.

पंख्याचा आवाज तेवढा राहिला. पिलाजीरावांनी सवयीने पेटीकडे पाहिलं. मग भास्कररावांकडे, भर कार्यक्रमात उठून गेलेल्या माणसाकडे पाहावं तसं. मांडीखाली बोटं वळवळत होती. पिलाजीरावांचे ओठ हलले, लाळ ओघळली. वहिनी पुढे झाल्या, तर शलाकाने त्यांना अडवलं. हे शिकवणं की छळणं? भास्कररावांनी मान खाली घातली.

पिलाजीरावांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला.

"वा... वाजव!"

वहिनींनी शलाकाचा दंड गच्च धरला. शलाकाने नुसतं बोट वर केलं. अजून थांबा.

चाळीस वर्षांत बुवांचा एक शब्द भास्कररावांनी खाली पडू दिला नव्हता. आज मात्र त्यांनी मांडीखालचा हात काढला, भात्याची कडी लावून पेटी बंद केली, आणि बुवांच्या "हवा"ची वाट बघत बसले.