रक्तपेढीचा नवा सर्व्हर

रक्तपेढीतले सगळे संगणक गेली एकवीस वर्षं ताईंनी सांभाळले होते. तीन दिवसांनी त्या निवृत्त होणार होत्या आणि जाण्याआधी एकच काम उरलं होतं, नव्या लिनक्स सर्व्हरवर कंटेनरची व्यवस्था बसवायची. रक्तसाठ्याचा प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या लवाजम्यासकट डब्यात बंद करून चालवणारी ही व्यवस्था. ती अडली, तर कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत हेच कळायचं नाही.

बसवण्याचे मार्ग चार. इंटरनेटवरची एका ओळीची स्क्रिप्ट चालवली की दोन मिनिटांत काम फत्ते, पण आत काय काय बसलं ते देव जाणे. लिनक्सबरोबर येणारं पॅकेज जुनाट. या दोन्हींवर ताईंनी फुली मारली. तिसरा मार्ग ही व्यवस्था बनवणाऱ्यांची रिपॉझिटरी, म्हणजे त्यांचं इंटरनेटवरचं अधिकृत भांडार, सर्व्हरला जोडण्याचा. मग सर्व्हरच्या नेहमीच्या अपडेटबरोबर हीही ताजी राहते. चौथ्यात पाच फायली हाताने उतरवून बसवायच्या आणि दर नव्या आवृत्तीला पुन्हा तोच खटाटोप करायचा.

भरवशाचा कोणता, हे ताईंनी झोपेतही सांगितलं असतं. तरी सकाळपासून त्या चौथ्याभोवती घुटमळत होत्या. त्यांच्या जागी येणारी मुलगी हुशार होती, पण पाच फायलींपुढे गडबडली असती. मग महिन्या-दोन महिन्यांनी फोन आला असता, ताई, जरा येता का? घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. भावाचा फोन वर्षातून एकदा, वाढदिवसाला, तोही वहिनीने आठवण करून दिली तर. आजवर ताईंना कोणी जीव तोडून शोधलं असेल, तर ते सर्व्हर बंद पडल्यावर.

त्यांनी पाचही फायली उतरवल्या. मग वाटलं, उद्या कशाला म्हाताऱ्या बाईला त्रास, म्हणून पोरीने फोनच केला नाही तर? जुनी, सुरक्षेला भोकं पडलेली आवृत्ती तशीच चालू राहील आणि ऐन ऑपरेशनच्या वेळी दगा देईल. ताईंना स्वतःची लाज वाटली. फायली पुसून त्यांनी निमूट रिपॉझिटरी जोडली, व्यवस्था बसवली आणि चाचणी घेतली. सगळं सुरळीत चाललं.

दुपारी त्यांनी मुलीला सगळं समजावून सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला.

"मी तर धास्तीच घेतली होती. म्हणजे आता तुम्हाला फोन करायची वेळच यायची नाही."

"नाहीच यायची," ताई म्हणाल्या.

ती गेल्यावर सूचनांच्या कागदावर त्यांनी शेवटी आपला मोबाइल नंबर लिहिला. मग खाली घरचाही लिहिला.