कांद्याच्या शेडमधला मंगळवार

सिन्नरजवळच्या मजूरवस्तीत तेजलने तीन वर्षं दर मंगळवारी बायकांचं बीपी तपासलं होतं. आता तिच्या आरोग्य संस्थेने तिला घोटीला पाठवलं, तरी तिचा जीव इकडेच अडकला होता. आपल्यामागे बायका जमत असतील का, या विचाराने तिला चैन पडेना. शेवटी एका मंगळवारी तिने जीप पकडून वस्ती गाठली.

ती बायकांना घेऊन बसायची त्या समाजमंदिराला कुलूप होतं. 

"बंद पडलं का सगळं?" तिने नळावरच्या बाईला विचारलं.

"नाय वो, कांद्याच्या शेडात बसत्यात आता."

तेजल जवळजवळ पळतच गेली. कांदे निवडता निवडता बायका एकेक करून हात पुढे करत होत्या आणि तेजलच्या हाताखाली शिकलेल्या सगुणाबाई बीपीच्या मशीनचा पट्टा बांधत होत्या.

"तुम्ही गेल्यावर कुणी येईना," त्या म्हणाल्या. "मी एकटीच बसून राह्यची. मग राग आला, मशीन उचललं अन् हितं आले."

"माझ्याबरोबर घोटीला याल? तिथं कुणी जमतच नाही."

सगुणाबाईंनी समोरच्या बाईच्या दंडावरचा पट्टा सोडवला. "येईन. पण मी गेल्यावर हितं कोण बघंल?"

तोच घोर तेजललाही होता.

"मला शिकवा की," पलीकडच्या वस्तीतून रोज कांदे निवडायला येणारी सुमनबाई म्हणाली.

सगुणाबाईंनी पट्टा तिच्या हातात दिला खरा, पण त्यांची नजर काही त्यावरून हलेना. "आगं, सैल बांधलास!" त्या ओरडल्या.

सुमनबाईने पट्टा सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला.