साठ फूट पाण्यात उभी म्हैस

“पाणी पुण्यवानाला उचलतं आणि पाप्याला गिळतं,” बाबा तलावाच्या मध्यावर छातीभर पाण्यात उभे राहून गरजले, आणि त्यांना सटासट शिंका आल्या. भक्तांनी शिंकांनाही हात जोडले.

तलाव म्हणजे बंद पडलेली दगडाची खाण. पाणी साठ फूट खोल, यावर सगळ्यांचं एकमत. त्या साठ फुटांतून बाबा दर रविवारी चालत पलीकडे जात आणि मागून मनगटाला त्यांचा दोरा बांधलेले भक्त, एकामागे एक, त्यांच्या पावलावर पाऊल टाकत. पोहता येणाऱ्याला बाबा रांगेत घेतच नसत. पोहणं म्हणजे श्रद्धेत भेसळ.

गेल्या वर्षी याच रांगेतला शिंपी बुडाला. मनगटावर दोरा होता, त्यामुळे बाबांना खुलासा करावा लागला. दोरा अस्सल, पण घरात शंका होती. शंका म्हणजे शिंप्याची बायको. निघताना ती एवढंच म्हणाली होती, की तुम्हाला पोहता येत नाही हो. तेव्हापासून सासूबाईंनी अंथरूण धरलं होतं आणि त्या तिच्या हातचं पाणी घेत नव्हत्या. अंथरुणावरून येईल-जाईल त्याला सांगायच्या, “माझं लेकरू गुणाचं. भर पाण्यात बाजूला सरकून मला वाट दिली, आई तू पुढे हो म्हणाला. अशाला पाणी गिळेल? हिच्या जिभेनं गिळलं त्याला.” सून मान खाली घालून शिलाई मशीन चालवायची. नवऱ्यानं बेतून ठेवलेले कपडे तिनंच शिवून पुरे केले.

या रविवारी बाबांनी शंकेखोरांसाठी नवा पुरावा काढला. दोरा म्हशीच्या शिंगाला बांधून तिला बाजूच्या काठावरून पाण्यात सोडायचं. म्हैस गाभण असल्यानं गुरांच्या डॉक्टरीणबाई काळजीनं आल्या होत्या. शिंप्याची बायकोही आली होती. प्रायश्चित्त काय घेऊ, हे तिला बाबांना विचारायचं होतं.

म्हैस नाक वर काढून संथ निघाली. जयजयकार झाला. तलावाच्या मध्यावर पोचल्यावर मात्र ती हळूहळू वर येऊ लागली. आधी मान, मग पाठ. साठ फूट पाण्यात म्हैस चारी पायांवर उभी राहिली आणि रवंथ करू लागली.

काठावर एक म्हातारा खाणकामगार पुटपुटला, “हा तर आपला रुळांचा बांध.”

दगडाच्या ढकलगाड्या ज्या बांधावरून जात, तो खाणीच्या मधोमध तसाच पाण्याखाली होता. काठावरच्या निम्म्या लोकांनी त्यावरून गाड्या ढकललेल्या. बाबा तर तिथले मुकादम. पण स्वतः ढकललेली गाडी माणूस विसरतो, बाबांनी सांगितलेले साठ फूट विसरत नाही.

म्हशीला समाधी लागली, असं बाबांनी जाहीर केलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना चार पावलं डावीकडे चालून दाखवायला सांगितलं. डावीकडे आज आज्ञा नाही, असं कळलं.

मग बाईंनी लोकांना समजावलं. म्हैस पाण्यात आडवी असते, नाक आपसूक वर राहतं, चालल्यासारखे पाय हलवले की झालं पोहणं. माणूस उभा राहू बघतो, तळ लागला नाही की घाबरून हात वर फेकतो आणि तोंड बुडतं. तळ दहा फुटांवर असो की साठ, पाणी तेवढंच उचलून धरतं. ते पापही मोजत नाही आणि पुण्यही. तेव्हा लोकहो, दोरे बांधू नका. कमरेएवढ्या पाण्यात, जाणत्या माणसासोबत, पोहायला शिका.

लोक पांगले. शिंप्याची बायको तिथंच उभी होती.

“म्हणजे माझ्या बोलण्यानं नाही?”

“नाही गं. बांध अरुंद आहे. ते बाजूला सरकले आणि पायाखालचा दगड संपला.”

डॉक्टरीणबाईंना हुरूप आला. आत्ताच तुझ्या घरी येते, म्हणाल्या, सासूबाईंना सगळं नीट सांगते, मग घेतील तुझ्या हातचं पाणी.

“नको बाई,” ती म्हणाली. “ते कुणासाठी सरकले, हे सासूबाईंना ठाऊक आहे. मला बोलतात, बोलू देत. म्हशीचं हवं तर सांगा, हसतील जरा. बांधाचं तेवढं सांगू नका.”